अतिजोखमीची इंजेक्शने आणि परिचारिकेची दक्षता

(हिंगोली जिल्ह्यातील परिचारिकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सतरा सप्टेंबर या तारखेचे महत्त्व मराठवाड्याला नव्याने सांगावे लागत नाही. १९४८ साली याच दिवशी हैदराबाद संस्थानातील निजामी राजवट संपुष्टात आली आणि मराठवाड्याची जनता स्वतंत्र भारतात सामील झाली. मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेने हीच तारीख 'जागतिक रुग्ण सुरक्षा दिन' म्हणून मुक्रर केली. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही. हा निव्वळ योगायोग होय. तथापि सकाळचे ध्वजवंदन आटोपून हिंगोलीच्या, वसमतच्या किंवा कळमनुरीच्या रुग्णालयात कामावर रुजू होणाऱ्या परिचारिकेला त्या दिवशी दुहेरी स्मरण घडावे, हे उचितच आहे. २०२२ साली या दिनाचा विषय 'औषधोपचारातील सुरक्षितता' हा होता. त्याआधी मार्च २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधोपचारातील टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आवाहन जगातील सर्व राष्ट्रांना केले होते. अशा चुकांपायी जगाला दरवर्षी सुमारे ४,२०० कोटी डॉलरचा भुर्दंड पडतो, असा संघटनेचा त्या वेळचा अंदाज होता. पैशाचा हिशेब मांडता येतो. घरातील कर्त्या माणसाच्या किंवा बाळंतिणीच्या प्राणाचा हिशेब मांडता येत नाही.

धोका कोठे असतो

रुग्णालयात वापरली जाणारी बहुतेक औषधे अशी असतात की, मात्रेत थोडा फरक पडला तरी रुग्णाचे फारसे नुकसान होत नाही. काही थोडी औषधे मात्र याला अपवाद आहेत. त्यांच्या बाबतीत चुका अधिक वेळा होतात असे नव्हे. पण चूक झालीच तर तिचे मोल भारी पडते. अशा औषधांना 'अतिजोखमीची औषधे' म्हणतात. पोटॅशियम क्लोराईडचे तीव्र द्रावण, इन्सुलिन, हेपॅरिन, मॅग्नेशियम सल्फेट, ऑक्सिटोसिन, ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिन, मॉर्फिनसारखी वेदनाशामके, भूल देताना वापरावयाची स्नायू शिथिल करणारी औषधे आणि कर्करोगावरील औषधे यांचा त्यांत प्रामुख्याने समावेश होतो.

यांपैकी बहुतेक औषधे इंजेक्शनच्या रूपाने दिली जातात. पोटात गेलेली चुकीची गोळी प्रसंगी बाहेर काढता येते. तिचा परिणाम सुरू होईपर्यंत काही अवधी हाती असतो. शिरेतून गेलेले औषध काही क्षणांतच हृदयापर्यंत पोहोचते आणि ते परत घेता येत नाही. डॉक्टर औषध लिहून देतात, औषधनिर्माता ते काढून देतो. मात्र प्रत्यक्ष रुग्णाच्या शरीरात ते सोडणारा हात परिचारिकेचा असतो. आधी कोणाच्याही हातून झालेली चूक लक्षात येण्याची अखेरची संधी तिलाच मिळते.

हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात या गोष्टीला अधिक महत्त्व आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार असून शंभरांतील सुमारे ८५ लोक खेड्यांत राहतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले, ही समाधानाची बाब होय. तरीही दूरच्या गावातील रुग्णाला प्रथम भेटते ती उपकेंद्रातील सहायक परिचारिका प्रसाविका किंवा ग्रामीण रुग्णालयातील रात्रपाळीची अधिपरिचारिका. नांदेडला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत रुग्ण जगणार की नाही, हे पुष्कळदा तिने दिलेल्या पहिल्या इंजेक्शनावर अवलंबून असते.

यास्तव या औषधांविषयीचे अज्ञान दोन्ही बाजूंनी घातक ठरते. धोका ठाऊक नसेल तर हातून निष्काळजीपणा घडतो. धोका केवळ ऐकून ठाऊक असेल आणि औषधाची पुरती माहिती नसेल, तर मनात भीती बसते व जे इंजेक्शन द्यावयास हवे तेच दिले जात नाही. रुग्ण दोन्ही प्रकारांनी दगावतो.

मलकोवालचा धडा

इंजेक्शनाच्या सुरक्षिततेचा विचार करताना मुंबईशी निगडित असलेल्या एका जुन्या दुर्घटनेचे स्मरण करणे आवश्यक आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले असता वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने तेथे प्लेगप्रतिबंधक लस तयार केली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळ येथे हलविण्यात आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ लोकांना ही लस टोचण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस ज्यांना टोचली गेली होती, अशा १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मृत्युमुखी पडले.

ठपका प्रयोगशाळेवर व पर्यायाने हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पद सोडावे लागले. मात्र त्याच घाण्यातील इतर बाटल्यांमधील लस घेतलेले लोक सुखरूप होते. पुढे तपशील तपासले असता असे दिसून आले की, बाटली उघडताना बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव देण्यात आले.

या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. कारखान्यात कितीही शुद्ध औषध तयार झाले तरी ते उघडण्याच्या आणि टोचण्याच्या घटकेला एवढ्याशा चुकीने विषवत होऊ शकते. दुसरे असे की, एखाद्या व्यक्तीला दोषी ठरविण्याची घाई झाली म्हणजे खरे कारण शोधण्याचे काम मागे पडते. मलकोवालच्या बाबतीत ते कारण सर्वमान्य होईपर्यंत पाच वर्षे गेली.

पोटॅशियमची कुपी

जुलाब-वांत्यांनी किंवा अन्य कारणाने शरीरातील पोटॅशियम कमी झाले की रुग्णाला पोटॅशियम क्लोराईड द्यावे लागते. आपल्याकडे ते सामान्यतः १० मिलिलीटरच्या कुपीत येते. एका मिलिलीटरमध्ये १५० मिलिग्रॅम म्हणजे २ मिलिइक्विव्हॅलंट, अर्थात पूर्ण कुपीत २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ही कुपी दिसावयास बरीचशी इंजेक्शनासाठी वापरावयाच्या शुद्ध पाण्याच्या कुपीसारखी असते. प्रतिजैविकाची पूड विरघळविण्यासाठी पाण्याऐवजी ती उचलली गेली आणि ते द्रावण शिरेत गेले, तर हृदयाची क्रिया तत्काळ बंद पडू शकते.

अमेरिकेतील रुग्णालयांचे मूल्यमापन करणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने १९९८ मध्ये अशा मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र पोटॅशियम थेट शिरेत गेल्याने झालेल्या आठ मृत्यूंपैकी सहा प्रसंगी ते दुसरेच औषध समजून दिले गेले होते आणि कुप्यांचे व लेबलांचे साम्य हे त्याचे मुख्य कारण होते. त्या सर्व ठिकाणी पोटॅशियमच्या कुप्या वॉर्डातच ठेवलेल्या होत्या. ब्रिटनमधील राष्ट्रीय रुग्ण सुरक्षा संस्थेने २००२ साली काढलेला पहिला इशारादेखील याच औषधाविषयी होता. या अनुभवानंतर तीव्र पोटॅशियम सर्वसाधारण वॉर्डाच्या कपाटातून काढून घेण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली.

हे शक्य नसेल तेथे निदान ही कुपी स्वतंत्र खणात, कुलपात, ठळक लाल चिठ्ठी लावून ठेवावी. पाण्याच्या वा सलाईनच्या कुप्यांशेजारी तिला स्थान असू नये. ती पातळ केल्यावाचून कधीही शिरेत देऊ नये. साध्या वॉर्डात हातापायाच्या शिरेतून देताना एका लिटरमध्ये ४० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा अधिक तीव्रता नसावी आणि तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा अधिक वेग नसावा. म्हणजेच ५०० मिलिलीटरच्या बाटलीत एकच कुपी घालावी आणि ती बाटली किमान दोन तास चालावी. तीच बाटली चार तासांत द्यावयाची असेल आणि संच मिलिलीटरला २० थेंबांचा असेल, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडले पाहिजेत. औषध घातल्यावर बाटली अनेक वेळा उलटसुलट करून ते नीट मिसळावे. अन्यथा ते तळाशी राहून पहिल्या काही मिनिटांतच रुग्णाच्या शरीरात जाते. रुग्णाला लघवी होत आहे ना, हे आधी पाहावे. नातेवाईक बाटलीच्या चकरीला हात लावणार नाहीत, याचीही ताकीद द्यावी.

इन्सुलिनचे माप

मधुमेह आता शहरांपुरता राहिलेला नाही. खेड्यांतील घरांतही इन्सुलिनची कुपी आढळते. आपल्या देशात इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते, एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलीटरमध्ये १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही निराळ्या असतात. ४० च्या सिरिंजच्या सुईवरील टोपण लाल असते आणि १०० च्या सिरिंजचे नारिंगी. १०० च्या कुपीतील इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट मिळतात. उलट ४० च्या कुपीतील औषध १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत घेतले, तर अवघे ८ युनिट जातात. पहिल्या प्रकारात रक्तातील साखर एकाएकी उतरून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. दुसऱ्या प्रकारात साखर वाढत राहते व 'औषध लागू पडत नाही' असा समज होतो. रुग्णाला घरी पाठविताना त्याची कुपी आणि त्याची सिरिंज शेजारी शेजारी ठेवून जुळतात की नाही हे दाखविणे, हे परिचारिकेचे काम आहे.

मात्रा लिहिण्यातही धोका दडलेला असतो. 'युनिट' या शब्दाऐवजी नुसते इंग्रजी 'यू' हे अक्षर आकड्याला चिकटवून लिहिले, तर ते शून्यासारखे दिसते आणि ४ चे ४० होतात. म्हणून 'युनिट' हा शब्द नेहमी पूर्ण लिहावा. दशांश चिन्हानंतर विनाकारण शून्य लिहू नये आणि चिन्हापूर्वीचे शून्य गाळू नये. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे ०.५ असेच लिहावे; पाच म्हणजे केवळ ५.

हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची गोष्टही तशीच आहे. त्याच्या ५ मिलिलीटरच्या कुप्या मिलिलीटरला १,००० युनिट व ५,००० युनिट अशा दोन्ही तीव्रतांत येतात. कुपीचा आकार तोच असला तरी आतील औषध पाचपट असते. २००६ साली अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात नवजात अर्भकांसाठीच्या कपाटात मोठ्यांसाठीची, हजारपट तीव्र हेपॅरिनची कुपी ठेवली गेली आणि तीन बालके दगावली. साधनसामग्रीची कमतरता नसलेल्या ठिकाणीही हे घडले, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

प्रसूतिकक्षातील दोन औषधे

गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येणे हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण होय. त्यावर मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त आणि गुणकारी औषध आहे. इतर औषधांच्या तुलनेत ते श्रेष्ठ असल्याचे १९९५ साली अनेक देशांत झालेल्या चाचणीने दाखवून दिले. २००२ साली ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत या औषधामुळे झटके येण्याचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले.

शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार झटके येत असलेल्या स्त्रीला पुढे पाठविण्यापूर्वी प्रशिक्षित परिचारिकेने पहिली मात्रा द्यावयाची असते. ५० टक्के तीव्रतेच्या द्रावणाचे ५ ग्रॅम, म्हणजे १० मिलिलीटर, प्रत्येक कुल्ल्यात खोल स्नायूत. एकूण १० ग्रॅम. २ मिलिलीटरच्या कुपीत १ ग्रॅम औषध असते, त्यामुळे दहा कुप्या फोडाव्या लागतात. दहा कुप्या समोर पाहून नवख्या परिचारिकेचा हात थबकणे स्वाभाविक आहे. ज्ञानाची खरी कसोटी येथेच लागते. ही मात्रा योग्य आहे हे जिला पक्के ठाऊक आहे, ती निर्धास्तपणे ती देईल आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावील. जिला ठाऊक नाही, ती एकदोन कुप्या देऊन थांबेल आणि वाटेत रुग्णाला पुन्हा झटके येतील.

हेच द्रावण शिरेतून द्यावयाचे असेल तर मात्र ते पातळ करून २० टक्क्यांवर आणले पाहिजे: ४ ग्रॅमसाठी ८ मिलिलीटर औषध आणि १२ मिलिलीटर शुद्ध पाणी. तेही सावकाश द्यावयाचे असते. पुढील प्रत्येक मात्रेपूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. गुडघ्यावर हलका ठोका दिला असता पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का आणि लघवी तासाला किमान ३० मिलिलीटर होते का. यांपैकी एकही गोष्ट कमी पडली तर पुढील मात्रा थांबवावी व डॉक्टरांना कळवावे. श्वास मंदावल्यास १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे १० मिलिलीटर शिरेतून सावकाश देणे हा त्यावरील उतारा होय. ज्या ट्रेमध्ये मॅग्नेशियम आहे, त्याच ट्रेमध्ये कॅल्शियमची कुपी असलीच पाहिजे.

दुसरे औषध ऑक्सिटोसिन. बाळ जन्मल्यावर, पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून, एका मिनिटाच्या आत १० युनिट स्नायूत दिले असता प्रसूतीनंतरचा रक्तस्राव टळण्यास मोठी मदत होते. हेच इंजेक्शन 'कळा वाढविण्यासाठी' म्हणून प्रसूतीपूर्वी स्नायूत दिले, तर गर्भाशय फाटण्याचा आणि बाळ गुदमरण्याचा धोका असतो. कळा संथ झाल्या की घरची वडीलधारी मंडळी 'सिस्टर, एक सुई द्या म्हणजे लवकर सुटका होईल' असा आग्रह धरतात. त्या आग्रहाला नम्रपणे पण ठामपणे नकार देणे, हादेखील परिचारिकेच्या ज्ञानाचाच भाग होय. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वीज गेल्यावर फ्रिजमधील तापमानाची नोंद करण्यात कुचराई झाली, तर ऐन रक्तस्रावाच्या वेळी कुपीतील औषध निष्प्रभ ठरू शकते.

सर्पदंशाचा रुग्ण

पावसाळा सुरू झाला की हळदीच्या आणि सोयाबीनच्या शेतांत काम करणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका वाढतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सरासरी दरवर्षी सुमारे ५८ हजार मृत्यू झाल्याचे संशोधकांचे अनुमान आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने या मृत्यूंचे प्रमाण २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष उपलब्ध आहे. पुड असलेली प्रत्येक कुपी १० मिलिलीटर शुद्ध पाण्याने विरघळवावी लागते. कुपी जोरजोराने हलवू नये, फेस होतो. ती हळुवार फिरवावी. विषबाधेची लक्षणे दिसताच सामान्यतः ८ ते १० कुप्या सलाईनमध्ये मिसळून सुमारे एका तासात दिल्या जातात. लहान मुलाला कमी मात्रा द्यावी हा समज चुकीचा आहे. सापाने मुलाला कमी विष दिलेले नसते. आधी थोडे टोचून पाहण्याची जुनी चाचणीही आता करू नये, असे मार्गदर्शक सूचना सांगतात.

या औषधाने काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होऊ शकते. अंगावर गांधी उठणे, खाज, थंडी वाजणे, धाप किंवा रक्तदाब उतरणे यांपैकी काहीही दिसताच प्रतिविष तात्पुरते थांबवून प्रौढ व्यक्तीस ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत द्यावे लागते. ॲड्रेनलिनची नेहमीची कुपी १ मिलिलीटरची व त्यात १ मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे अर्धी कुपी. तीच पूर्ण कुपी घाईघाईने शिरेत गेली तर हृदयाचे ठोके बिघडून प्राणावर बेतू शकते. म्हणून प्रतिविषाची बाटली लावण्यापूर्वीच ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये मोजून भरून, त्यावर नाव व मात्रा लिहून, रुग्णाच्या उशाशी ठेवावे. प्रतिक्रियेच्या भीतीने प्रतिविषच न देता रुग्णाला पुढे धाडणे हे अधिक घातक होय.

सुई टोचण्यापूर्वी

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पंचसूत्री प्रत्येक परिचारिकेला विद्यार्थिदशेपासून पाठ असते. परीक्षेत ती लिहिता येणे आणि पहाटे तीन वाजता चाळीस रुग्णांच्या वॉर्डात ती पाळता येणे, यांत मात्र अंतर असते. ते अंतर सवयींनी भरून काढावे लागते.

पहिली सवय ओळख पटविण्याची. एकाच गावात एकाच आडनावाची माणसे पुष्कळ असतात. एकाच वॉर्डात दोन सखूबाई असू शकतात. 'तुम्ही सखूबाई ना?' असे विचारल्यास ऐकू कमी येणारी वृद्धा कोणत्याही नावाला होकार देते. 'तुमचे नाव काय, गाव कोणते?' असे विचारावे आणि उत्तर केस पेपरशी ताडून पाहावे.

दुसरी सवय दुहेरी तपासणीची. भरलेली सिरिंज सहकारी परिचारिकेसमोर धरून 'हे दहा युनिटच आहे ना?' असे विचारणे ही तपासणी नव्हे. कारण उत्तर प्रश्नातच दिलेले असते. दुसरीने केस पेपर स्वतः वाचावा, हिशेब स्वतः मांडावा आणि मग दोन्ही उत्तरे जुळवावीत. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर त्यांची, नसतील तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची दूरध्वनीवरून मदत घ्यावी. दूरध्वनीवरील आदेश लिहून घ्यावा, तो मोठ्याने वाचून दाखवावा व आकडा सुटा सुटा उच्चारावा. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतील फरक खरखरणाऱ्या फोनवर ऐकू येत नाही. 'एक, पाच' किंवा 'पाच, शून्य' असे म्हटल्यास घोटाळा होत नाही. शक्य होताच त्या आदेशावर डॉक्टरांची सही घ्यावी.

तिसरी सवय एकाग्रतेची. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांच्या कामाचे निरीक्षण करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययागणिक चुकांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होते. आपल्या वॉर्डात तर नातेवाइकांची चौकशी, फोन आणि नवा रुग्ण हे सारे एकाच वेळी येते. अतिजोखमीचे औषध भरताना परिचारिकेला हाक मारू नये, हे नातेवाइकांनी, वॉर्डबॉयने आणि डॉक्टरांनीही पाळले पाहिजे. तसेच एकीने भरलेली, नाव न लिहिलेली सिरिंज दुसरीने कधीही टोचू नये.

संस्थेची जबाबदारी

एकट्या परिचारिकेच्या सावधगिरीवर सारा भार टाकणे न्यायाचे होणार नाही. सार्वजनिक रुग्णालयांसाठीच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांत अतिजोखमीच्या औषधांची यादी करणे आणि त्यांची कमाल मात्रा निश्चित करणे अपेक्षित आहे. प्रसूतिकक्षांच्या सुधारणेसाठी डिसेंबर २०१७ पासून 'लक्ष्य' हा कार्यक्रम राबविण्यात येत आहे. रुग्णालयाच्या अधिसेविकेने व परिसेविकेने या यादीचा मराठीतील तक्ता प्रत्येक औषधकक्षात लावावा. कोणते औषध, किती पातळ करावयाचे, किती वेगाने द्यावयाचे आणि त्याचा उतारा कोणता, एवढ्या चार रकान्यांचा तक्ता पुरे आहे. नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला रात्रपाळी देण्यापूर्वी या तक्त्यावर तोंडी प्रश्न विचारले जावेत. पुरवठादार बदलून कुपीचा रंग वा आकार बदलला, तर ती नवी कुपी पाळी बदलताना सर्वांना दाखवावी.

औषधाचा दुष्परिणाम किंवा चूक लक्षात आल्यास प्रथम रुग्णावर उपचार, लगेच डॉक्टरांना सूचना आणि त्यानंतर खरी नोंद, हा क्रम असावा. औषधांच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करण्यासाठी २०१० पासून राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रम सुरू आहे. त्याच्या १८००-१८०-३०२४ या विनामूल्य दूरध्वनी क्रमांकावर परिचारिकेलाही माहिती कळविता येते. दुसरीकडे, टोचण्यापूर्वीच लक्षात येऊन टळलेली चूकही नोंदली गेली पाहिजे. कारण तीच चूक पुढच्या पाळीत दुसऱ्या कोणाकडून घडू शकते. अशी नोंद करणारीला शिक्षेचे भय वाटू लागले तर नोंदी थांबतात, चुका मात्र थांबत नाहीत.

आदेशातील मात्रा शंकास्पद वाटल्यास थांबून विचारणे हा परिचारिकेचा अधिकार आहे आणि ते तिचे कर्तव्यही आहे. वरिष्ठ रागावतील, या संकोचाने हातातील सुई पुढे जाता कामा नये. डॉक्टरांनीही अशा प्रश्नाचे स्वागत करावे. विचारणारी परिचारिका रुग्णाचे जसे रक्षण करते तसेच ती डॉक्टरांचेही करते. जिल्ह्यातील प्रत्येक रुग्णालयाने आणि आरोग्य केंद्राने येत्या महिन्यात एक साधे काम हाती घ्यावे. औषधांचे कपाट उघडावे, पोटॅशियमच्या कुप्या पाण्याच्या कुप्यांपासून वेगळ्या कराव्यात, मॅग्नेशियमशेजारी कॅल्शियम आहे का ते पाहावे, फ्रिजचे तापमान तपासावे आणि ॲड्रेनलिनच्या कुप्यांवरील मुदत वाचावी. या कामाला निधीची अथवा मंजुरीची आवश्यकता नाही. दुपारचा एक तास पुरेसा आहे.